आधीच फोडलेली लाकडं

निरवांगीच्या सारजाबाईला अमक्यानं फसवलं असं कुणी गावात येऊन सांगितलं असतं, तर लोकांनी आधी सांगणाऱ्याकडंच संशयानं बघितलं असतं. सारजा फसणारी बाईच नव्हे. दुकानदारानं तागडी उचलली की ही आधी पारड्याच्या बुडाशी हात फिरवणार, चिंचेचा गोळा-बिळा चिकटवलाय का म्हणून. डेअरीवर दूध मापताना मान इतकी पुढं काढणार की मापणाऱ्यानं म्हणावं, "आज्जे, आता किटलीत पडशील." त्यावर हिचं उत्तर ठरलेलं, "पडंन. पर बघून पडंन."

दादासोचं, म्हणजे तिच्या लेकाचं लग्न ठरत होतं तेव्हाची गोष्ट तर अजून सांगतात. बघण्याचा कार्यक्रम झाला, पोरगी पसंत पडली, सुपारी फुटायची तेवढी राहिली. सारजा मात्र एक दिवस कुणाला न सांगता उठली आणि एस.टी. पकडून थेट पोरीच्या गावी गेली. तोंडावर पदर ओढला, शेळी विकत घ्यायला आलेय म्हणून पोरीच्या शेजारणीच्या ओट्यावर बसली आणि दुपारभर कान देऊन ऐकत राहिली, ही शालन आपल्या आईशी कशी बोलते ते. संध्याकाळी घरी येऊन नवऱ्याला म्हणाली, "पोरगी आईला उलटून बोलती. पर खरं बोलती. घिऊन टाका." लग्नानंतर शालनला हे कळलं तेव्हा दोन दिवस ती सासूशी बोलली नाही आणि तिसऱ्या दिवशी सासूसुना मिळून हसल्या.

हसणाऱ्यांनी हसावं. पण त्यांनी कधी मेंढरांमागं संसार केला नव्हता. सारजानं केला होता. दिवाळी झाली की घोड्यावर बिऱ्हाड लादायचं आणि नीरेच्या काठावरून निघून घाट उतरून कोकणात जायचं, ते मृगाच्या आधी परतायचं. आज ह्याच्या रानात मुक्काम, उद्या त्याच्या. गोड बोलून कोकरू पळवणारे भेटत, रात्री लांडगा येई, दिवसा माणसं येत, आणि दोघांत कोण बरं हे सांगणं अवघड. अशा वाटेवर जी बाई शंका घेत नाही तिचा कळप महिन्याभरात निम्मा होतो. सारजा मेंढरं मोजत नसे, तोंडं बघे. एकदा एका बागाइतदारानं हिची गाभण मेंढी ठेवून घेऊन तसलीच दुसरी वांझ कळपात घुसडली होती. सारजानं अंधार पडता पडता ती कानाला धरून बाहेर काढली आणि त्याच्या दारात नेऊन उभी केली. "ही तुमची. माजी कुठाय?" माणूस हो-नाही करत राहिला, पण मेंढी परत आली.

तिचा नवरा आबाजी तिच्या अगदी उलट. त्याला कुणीही काहीही सांगावं, तो म्हणणार, "आसंल बाबा." दोघांचं पटायचं ते त्यामुळंच. सगळी शंका तिच्या वाट्याला, सगळा भरवसा ह्याच्या. पुढं आबाजीचे गुडघे गेले, दादासोला कारखान्यावर नोकरी लागली, मग मेंढरं विकली आणि गावाच्या वर माळाचा तुकडा होता त्यात बाजरी, मटकी करत दोघं म्हातारी झाली. माळाला लागूनच बांधापलीकडं हिंदुरावाचा ऊस. हिंदुराव मोठा बागाइतदार, सोसायटीवर संचालक, दारात जीप. आणि माणूस मोठा झाला की सारजाच्या हिशेबी तो दुप्पट बघून घ्यायचा.

शहाण्णव सालच्या थंडीत आबाजीला धाप लागायला लागली. बारामतीला एका खाजगी दवाखान्यात नेलं. सारजा खाटेशेजारी खाली चटई टाकून बसली ती उठेचना. सलाईनची बाटली बदलली की नर्सबाईला विचारणार, "ही मघाचीच हाय न्हवं? मघाच्या बाटलीवर निळा कागद हुता." गोळी दिली की आधी आपण जिभेला लावून बघणार. डॉक्टरांनी हात जोडले, पण बाई काय सुधरायची नाही.

एक दिवस ती चहा आणायला खाली गेली. वर येते तर काय, आबाजीनं दादासोचं मनगट धरलंय, तोंड त्याच्या कानाला लावलंय आणि काहीतरी सांगतोय. ही दारात दिसताच दोघंही गप. दादासोनं तोंड खिडकीकडं फिरवलं. त्याचे डोळे ओले होते.

"काय चाललंय बापलेकांचं?"

"काय न्हाय," आबाजी म्हणाला. "मटकी काढली का, इचारत हुतो."

मटकी काढली का हे विचारायला माणूस कानाला लागतो होय? चहा बशीत ओतून तिनं नवऱ्याला पाजला, पण तो प्रश्न तिच्या पोटात जाऊन बसला तो बसलाच.

पुढच्याच आठवड्यात ती कपडे न्यायला एक दिवस गावी आली. माळावर चक्कर टाकावी म्हणून वर गेली, आणि तिथून तिनं जे बघितलं त्यानं तिची झोपच उडाली. खाली बांधावर दादासो आणि हिंदुराव. दादासो बांधाच्या कडंकडंनं एकेक पाऊल मोजून टाकतोय, गवतात वाकून काही बघतोय, परत मोजतोय. हिंदुराव हात लांब करून दाखवतोय, हितनं तितपर्यंत. मग दोघांनी माना हलवल्या आणि हिंदुरावानं दादासोच्या खांद्यावर हात ठेवला.

झालं! बाप खाटेवर आणि लेक रान मोजून देतोय! सारजा माळावरच्या एका धोंड्यावर बसली. तिला ओरडावंसं वाटलं, पण मेंढरांमागं राहिलेल्या बाईला एक ठाऊक असतं, चोर बघितला की लगेच ओरडायचं नाही. तो कुठून येतो आणि कुठून जातो हे बघून ठेवायचं. ती तशीच उतरली, बारामतीला गेली, नवऱ्याचे पाय चेपत बसली. त्यालाही काही विचारलं नाही. न जाणो, म्हातारा स्वतःच पोराच्या शब्दाला भुलला असेल. "आसंल बाबा" म्हणून अंगठा देणारा माणूस तो.

आठ-दहा दिवसांनी, पहाटे पहाटे, आबाजी गेला. झोपेतच गेला. सारजाचा हात त्याच्या पायावर होता आणि पाय गार पडत गेला.

गावी आणायला जीप कुणाची? हिंदुरावाची. स्वतः चालवत आला होता. उसाच्या ट्रॅक्टरमागून जीप सावकाश चालली होती आणि सारजा मागं, नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन, हिंदुरावाच्या मानेकडं बघत होती. एवढी माया कुठली ह्याला? दुसऱ्याच्या मढ्यासाठी आपली जीप काढणारा हा माणूस, ह्याला काय पाहिजे ते मला ठाऊक आहे, असं ती मनात म्हणत राहिली. रडू तिला आलंच नाही. रागानं रडू अडवून धरलं होतं.

अंगणात माणसं जमली होती. दोघी लेकींना निरोप गेले होते, त्या सासरहून निघाल्या होत्या. आबाजीचा चुलतभाऊ सोनबा पुढं झाला. भावकीत आता तोच वडील.

"वैनी, माळावं खड्डा घ्याया माणसं धाडू का? ऊन उतरायच्या आत आटपलेलं बरं."

हे सांगायला पाहिजे की त्यांच्या भावकीत पहिल्यापासून माती द्यायची रीत. मेंढरांमागं फिरणाऱ्याला सरणाला लाकडं कुठून मिळायची? माणूस जिथं जाईल तिथं खड्डा घ्यायचा, घोंगडीत गुंडाळून ठेवायचं, वर दगड रचायचे. पण गावात पक्की घरं झाली, पोरं कारखान्यावर जायला लागली, तसं एकेक घर अग्नीकडं वळलं. आता ज्याचं त्यानं ठरवायची वेळ आली होती.

दादासो खाली मान घालून म्हणाला, "थांबा तात्या. खड्डा नगं. आबास्नी अग्नी द्यायचाय. नदीवं न्यायचं."

सारजाच्या कानात काहीतरी खटकन वाजलं. अस्सं! आता सगळं जुळलं. ज्या रानात बाप पुरलाय ते रान विकताना विकणाऱ्याची जीभ अडखळते आणि घेणारा तर दहादा विचार करतो. थडगं असलेला माळ कोण घेईल? म्हणून अग्नी! म्हणून नदी! बापाची राख नीरेत गेली की माळ मोकळा.

"का?" तिनं विचारलं.

"आता समदीच देत्यात, आये."

"समद्यांचं मी इचारलं न्हाय. तुजं इचारलं."

दादासोनं मान आणखी खाली घातली. नजर पायाच्या अंगठ्याकडं. त्याला लहानपणापासून खोटं बोलता येत नसे, गूळ खाल्ला तरी असाच उभा राही.

"आये, मी म्हंतो म्हणून ऐक की आजच्या दिवस."

"तू म्हंतोस म्हणून? तुला कुणी म्हणाया लावलंय त्ये सांग आधी."

हे म्हणताना ती हिंदुरावाकडं बघत होती. हिंदुराव पुढं आला, गळ्यातला टॉवेल सावरत म्हणाला, "काकू, पोरगं इचार करूनच..."

"हिंदुराव, तुमी तुमच्या बांधाच्या आत ऱ्हावा."

संचालक माणूस, आजवर त्याला असं कुणी बोललं नव्हतं. त्याचा चेहरा उतरला, पण तो उलटून बोलला नाही. नुसता म्हणाला, "बरं काकू," आणि जीपकडं गेला. तेसुद्धा सारजाला खटकलं. निर्दोष माणूस चिडला असता.

"माती द्यायची," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "माळाव. उंचवट्याव. सगळ्या गावाला दिसंल आशी."

सोनबानं जोरजोरात मान हलवली. "बराबर हाय वैनी! आपली रीत ती आपली रीत. कुणाचं ऐकू नगा." इतक्या जोरात हलवली की सारजानं आता मोर्चा त्याच्याकडं वळवला.

"भावजी, तुमाला एवढी घाई का?"

"आँ? मला कशाची घाई?"

"मघापास्नं खड्डा खड्डा करताय. तुमचं रान बी माळाला लागूनच हाय. थडग्याचा माळ दुसरा कोण घेणार, तुमालाच स्वस्तात पडंल. खरं सांगा. मयताम्होरं उभं हाय तुमी."

सोनबा गडबडला. धोतराचा सोगा हातात घेऊन उगाच चाळवत राहिला. मग जवळ येऊन, पडेल आवाजात, म्हातारा म्हणाला, "रानाचं काय न्हाय वं. आज आबाला जाळलं, की उद्या माझी पोरं मला बी जाळत्याल. मला जाळाचं लई भ्या वाटतं, वैनी."

इतका वेळ ताणलेली सारजाची भुवई खाली आली. एक संशय तरी फुकट गेला होता. पण दुसरा होता तिथंच होता, उलट आता त्यालाच सगळी जागा मिळाली.

तेवढ्यात वाटेवर ट्रॅक्टरचा आवाज आला. ट्रॉली वळून दारात थांबली. ट्रॉलीत लाकडं होती. कडुलिंबाची जाड, फोडलेली, नीट रचलेली लाकडं.

सारजा उठली. कुणी अडवायच्या आत ट्रॉलीपाशी गेली. शालन मागं धावली, "आत्याबाई, कुठं निघाला?" तिनं हात झटकला. एक ओंडका ओढला, त्याच्या फोडलेल्या अंगावरून बोट फिरवलं, नाकाला लावला. ताजं फोडलेलं लाकूड ओलं असतं, आतून पिवळट दिसतं, वास मारतं. हे करडं पडलं होतं. वाळून त्याला चिरा गेल्या होत्या.

ती वळली तेव्हा तिचा चेहरा बघून माणसं मागं सरकली.

"माणूस पहाटं गेला," ती म्हणाली, "आन ही लाकडं वाळून खडखडीत! कवा फोडलीस रं? बोल की! बाप सलाईनवं व्हता, माझ्या हातानं च्या पीत व्हता, आन तू हिकडं त्येचं सरण फोडत व्हतास? माळ मोजत व्हतास? बघितलंय मी बांधावं तुमा दोघांस्नी! अरं, मेंढीच्या पोटी लांडगा जन्मला की रं माझ्या!"

कुणीतरी बायकांत "अगं बया!" म्हणालं. बाप जिवंत असताना सरण तयार करायचं, ह्याच्याइतकं अभद्र दुसरं काय? भावकीतले दोघंचौघं दादासोकडं असे बघायला लागले की आता अंगावर धावून जातील. शालनही नवऱ्याकडं बघत होती, तिलाही हे ठाऊक नव्हतं. दादासोनं आईचा दंड धरला आणि तिला घराच्या आडोशाला, गोठ्यापाशी नेलं. ती ओढली जात होती पण शब्द थांबत नव्हते.

"सोड मला! चारचौघांत बोल काय बोलायचं त्ये!"

"आये," तो म्हणाला, "नकोशी कोण हुती?"

सारजाचे शब्द तिथंच थांबले.

हे नाव त्या घरात कुणी घेतलं नव्हतं. दादासोच्या जन्माआधीची गोष्ट. दोन लेकींच्या पाठीवर तिसरी लेकच झाली म्हणून सासूनं नाव ठेवलं होतं नकोशी. सारजाला मात्र ती हवी होती, फार हवी होती. दुडुदुडु चालायला लागली होती, कोकराच्या मागं धावायची. घाट उतरताना तापानं गेली. वाटेच्या कडंला कातळ होता, खड्डा खोल जाईना. दगडही पुरेसे मिळाले नाहीत. सारजा काठी घेऊन तिथंच बसली, उठायला तयार नाही. कळप पुढं गेला, माणसं पुढं गेली, कोल्ह्यांची कोल्हेकुई चालली होती आणि ही बसून. शेवटी आबाजीनं तिला अक्षरशः उचलून नेलं. पुढच्या मुक्कामावरून, तिचा जीव राहीना म्हणून, तो एकटा मागं जाऊन बघून आला होता. येऊन म्हणाला होता, "समदं जितल्या तितं हाय. दगड बी हाललेला न्हाय." सारजा "बरं" म्हणाली होती. आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचं, पुढं एक प्रश्न न विचारता.

"तुला कुणी सांगितलं नाव?" तिनं आता विचारलं.

"आबांनी. तू च्या आणाया गेलतीस तवा." दादासो रडायला लागला. एवढा दांडगा बाप्या, गोठ्याच्या लाकडी खांबाला धरून रडत होता. "तुला सांगायचं न्हाय म्हणून शपथ घातली हुती. म्हणलं, लईच अडलं तर सांग. आये, आबा परत गेलं तवा खड्डा उकरलेला हुता गं. जे काय ऱ्हायलं हुतं त्ये त्यांनी गोळा करून पुन्हा पुरलं. हातानं. आन तुला येऊन सांगितलं, दगड बी हाललेला न्हाय."

दादासोनं बाहीनं डोळे पुसले.

"म्हणलं, मला मातीत ठिवलंस तर तुजी आई माळावं येऊन बसंल. काठी घिऊन. तिला कुणाचाच भरवसा न्हाय, कोल्ह्याचा न्हाय, दगडाचा न्हाय. तवा मी तिला उचलून आणली, आता कोण आणायचं? मला जाळ. राखायला काय उरलंच न्हाय, म्हंजी ती घरात निजंल."

"आन लाकडं?"

"त्ये बी आबांनीच. आपल्या माळावं बाभळीच्या फांदीबिगर काय हाय? हिंदुरावाच्या बांधावं गेल्या पावसाळ्यात लिंब उन्मळून पडलाय त्यो माग म्हणलं, आन लवकर फोडून वाळव. वलं लाकूड निम्मंच जळतं. माझं काय बी ऱ्हायला नगं म्हणलं. त्यो लिंब उंच गवतात पडलाय, वरनं दिसत न्हाय, त्येच मोजत हुतो मी, आये. हिंदुराव म्हणलं, लागंल तेवढा ने. माळाचा इषय आजपातूर कुणी काढला न्हाय."

सारजा गोठ्याच्या दगडी उंबऱ्यावर बसली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत राहिली. पलीकडं माणसांची कुजबूज चालली होती.

"मला ठावं हुतं," ती म्हणाली.

"काय?"

"उकरल्यालं. त्येंचं हात बघितलं हुतं मी. कोपरापातूर माती, नखं फुटल्याली. नुसतं बघून येणाऱ्याच्या हाताला माती लागती व्हय रं?"

"मग तू आबास्नी कवाच इचारलं न्हाईस?"

"इचारलं आसतं तर त्येंला खरं सांगावं लागलं आसतं." ती म्हणाली. "माणूस तसला. दुसऱ्यांदा इचारलं की कबूल व्हायचा. मला त्ये ऐकायचं नव्हतं. आन त्येंला वाटत हुतं आपण बायकूला वाचवलं. मग वाटू दिलं."

ती उठली. दादासोच्या तोंडावरून हात फिरवला, मघा ज्या तोंडाला लांडगा म्हणाली होती त्याच. "चुकलं माझं," एवढंच म्हणाली. सारजाच्या तोंडून हे शब्द गावात कुणी ऐकले नव्हते, आणि दादासोनंही पुढं कुणाला सांगितलं नाही.

अंगणात येऊन ती आधी हिंदुरावापाशी गेली. जीपला टेकून तो एकटाच उभा होता. "लाकडं चांगली वाळल्यात," ती म्हणाली. हिंदुरावानं नुसती मान हलवली, त्याचे डोळे भरून आले. मग ती सोनबाकडं वळली. "भावजी, धन्यांनी सोता सांगितलंय, अग्नी द्या म्हणून. तुमचं तुमी आजच पोरांस्नी सांगून ठिवा. मनात ठिवू नगा, मागनं घोटाळं व्हत्यात." सोनबानं घाईनं आपल्या थोरल्याला हाक मारली.

लेकी आल्या, गळ्यात पडल्या. आंघोळ घातली, तिरडी बांधली. उचलायच्या आधी तोंडात पाणी घालायला सारजा खाली वाकली, तशी बायकांना वाटलं आता हंबरडा फोडेल. तिनं नवऱ्याच्या कानाशी तोंड नेलं. शेजारी दादासो होता, त्यालाच काय ते ऐकू आलं.

"अवो, सारजा फसली आसं समजून जाऊ नगा," ती म्हणाली. "तुमचं खोटं मला कळलं हुतं, आन पटलं बी हुतं."

तिरडी उचलली. नीरेकडं जाणाऱ्या वाटेला ओढा लागतो, तिथपर्यंत बायका जातात आणि तिथून माघारी फिरतात. पुरुष ओढा ओलांडून पुढं गेले, त्यांच्या मागून ट्रॉली गेली. चिल्हारीच्या झुडपांआड सगळं दिसेनासं झालं तरी बायका थोडा वेळ उभ्या राहिल्या. मग एकेक वळली. सारजा हलली नाही तेव्हा शालननं तिच्या पाठीवर हात ठेवला.

"आत्याबाई, धूर दिसंपातूर थांबायचं का?"

"कशाला?" सारजा म्हणाली. "राखाया काय ऱ्हायलंय तितं?"

असं म्हणून ती वळली, घराच्या वाटेनं चालायला लागली, आणि थोडं पुढं जाऊन वाटेतच, धुरळ्यात बसली. सकाळपासून अडून राहिलेलं रडू आता आलं. ती मोठमोठ्यानं रडत होती, आणि मधेच एकदा तिनं आपल्या तिसऱ्या लेकीचं नाव घेतलं.